साक्षीचे शून्य

वेदना-परीक्षण केंद्राच्या तिसऱ्या कक्षात हेमलता आगलावे यांच्या मस्तकावर संवेदकांची टोपी बसवण्यात आली, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडक्यांचे सर्व पडदे ओढलेले होते. नाशिकवरून उडणाऱ्या मालवाहू ड्रोनचे मार्ग त्या चौदा वर्षे नियंत्रणफलकावर सांभाळत आल्या होत्या. गेल्या दोन वर्षांत मात्र अर्धशिशी उठली की फलकावरचे ठिपके त्यांच्या डोळ्यांपुढे विरघळत, आणि महिन्यातले वीस दिवस ती उठत असे. आजचा दिवस त्या विसांतलाच होता.

मेंदूच्या प्रतिमा निर्दोष होत्या. जे दिसत नाही ते आहे कशावरून, असा विमा कंपनीचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैर होता असे म्हणता येणार नाही. त्याच्या उत्तरासाठीच वेदनावाहक हे यंत्र निर्माण झाले होते. दीर्घकालीन अपंगत्वाचा दावा फेटाळला गेला, तर हेमलताबाईंना सोमवारी त्याच फलकासमोर बसावे लागणार होते, आणि फलकाखाली एक अख्खे शहर होते.

"सोपं आहे," मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. मीनाक्षी सावळे म्हणाल्या. "तुमच्या मेंदूतल्या वेदनेचा आकृतिबंध हे यंत्र उचलतं आणि साहेबांच्या मेंदूत, त्याच जागी, तीन मिनिटं उमटवतं. त्याआधी साहेबांची शून्य-नोंद घेतात. त्या शून्यापेक्षा जे अधिक जाणवेल, तो तुमचा दहापैकी अंक."

साहेब म्हणजे यशोधर टिपणीस, केंद्राचे वेदनासाक्षी. वय सत्तावन्न, सेवा तेवीस वर्षांची. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कंपनी आणि दावेदार यांचे कधी नव्हे ते एकमत होते. त्यांनी ग्राहक-टोपी, म्हणजे वेदना ग्रहण करणारी टोपी, चढवली, डोळे मिटले, आणि तीन मिनिटांनी उघडले.

"एक. फार तर दीड."

"दीड?" हेमलताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, मोठ्याने बोलणे त्यांना शक्य नव्हते. "साहेब, दीड तर डास चावल्याचा असतो."

"बाई, मी पदरचं काही घालत नाही. यंत्र सुरू होण्यापूर्वी डोकं जसं होतं, त्याहून जे अधिक वाटलं तेवढंच सांगतो."

"आणि पूर्वी कसं होतं?"

"जसं असतं तसं."

हेमलताबाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिले.

"डॉक्टर, हे पडदे माझ्यासाठी ओढलेत का?"

"नाही हो. साहेबांना उजेड चालत नाही. नेहमीच असतात."

"आणि उदबत्तीचा वास चालतो का त्यांना?"

"कार्यालयात मी लावू देत नाही," टिपणीस म्हणाले. "मळमळतं. त्याचा इथे काय संबंध?"

"डाव्या कानशिलात अंगठा रोवून बसला आहात, ते?"

"लहानपणची सवय. विचार करताना माणूस हात कुठेतरी ठेवतोच."

"माझ्याकडे बघा ना, साहेब."

टिपणिसांनी पाहिले. हेमलताबाईंचा अंगठाही डाव्याच कानशिलात रोवलेला होता.

डॉ. सावळे यांनी जुने अहवाल पडद्यावर आणले. पाठीच्या आणि गुडघ्याच्या दाव्यांत टिपणिसांचे अंक सात-आठपर्यंत जात. डोकेदुखीच्या एकशे बारा दाव्यांत ते एकदाही दोनच्या वर गेले नव्हते.

"मी समजत होते, डोकेदुखीवाले वाढवून सांगतात," त्या म्हणाल्या. "साहेब, यंत्राची दिशा मी उलटी करते. साक्षीचं शून्य तपासण्याची तरतूद नियमावलीत आहे. आजवर कोणी मागितलं नाही, इतकंच."

"खुशाल तपासा. शून्यात सापडणार काय?"

संवेदकांची टोपी टिपणिसांच्या डोक्यावर गेली, आणि ग्राहक-टोपी आता सावळे यांनी घातली. अकराव्या सेकंदाला त्यांनी ती ओरबाडून काढली आणि टेबलाच्या कडेला कपाळ टेकून बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पाणी मागितले.

"यंत्र बिघडलं का?" टिपणिसांनी काळजीने विचारले.

"नाही. तुम्हाला हे रोज असतं?"

"काय?"

"हे. आत्ता आहे ते."

टिपणीस प्रामाणिकपणे गोंधळले. "डॉक्टर, ते तर डोकं आहे. डोकं असंच असतं."

"नसतं हो," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात आता टोमणा नव्हता.

पुढचे स्पष्टीकरण तर्काने सरळ होते, आणि सावळे यांनी ते अहवालात लिहिले. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी ओतले तरी पातळी चढत नाही. टिपणिसांची पाठ रिकामी होती, म्हणून दुसऱ्याची पाठ तिथे उमटे. डोके रिकामे कधीच नव्हते, आणि दुसरे डोके त्यांना ठाऊक नव्हते.

शुक्रवारी विधी विभागाचा अभिप्राय आला. दोन्ही वेदना तुल्यबळ असल्याचे कंपनीने उदार मनाने मान्य केले होते. तथापि, अशाच वेदनेसह श्री. टिपणीस यांनी तेवीस वर्षे एकही दिवस न चुकता काम केले आहे. सबब ही वेदना कामास असमर्थ करीत नाही. सबब दावा अमान्य. नियमाप्रमाणे त्यावर साक्षीचा शेरा हवा होता.

"किती हुशार आहेत मेले!" सावळे चिडून म्हणाल्या. "तुमचाच दाखला बाईंच्या गळ्यात."

टिपणिसांनी तो कागद दोनदा वाचला. सबळ युक्तिवादाविषयी त्यांना आयुष्यभर आदर होता, आणि हा युक्तिवाद सबळच होता. त्यांनी लेखणी उचलली.

'उपरोक्त अभिप्रायात मी काम केले असे गृहीत धरले आहे. ते तपासून पाहावे. डोकेदुखीच्या दाव्यांत माझे काम एकच होते: समोरच्या माणसाचे डोके दुखते आहे की नाही, हे ओळखणे. असे प्रसंग एकशे तेरा आले. मला ते एकदाही जमले नाही. सबब, ही वेदना कामास असमर्थ करते. श्रीमती आगलावे यांचा दावा मान्य करावा. उरलेले एकशे बारा पुन्हा उघडावेत, आणि त्यांना साक्षीदार दुसरा द्यावा.'