खिळे ठोकलेली झडप

दुपारी उर्सिना बार्लीचं सूप घेऊन माळ्यावर चढली, तेव्हा तिचा नवरा गाउडेंझ चित्रातल्या लेकीच्या गालांवर हिरवा रंग लावत होता.

"दोन घास खाऊन घे रे."

"थांब जरा. डोळे राहिलेत."

डोळे दोन महिने राहिलेच होते. त्यांची सहा वर्षांची मेंगा नाताळाआधी खोकून खोकून गेली. त्या डोंगरात माणूस गेलं की भिंतीतली हातभर झडप उघडायची, आत्म्याला वाट द्यायची आणि लगेच लावून घ्यायची. नाहीतर गेलेलं माघारी फिरतं. गाउडेंझने मात्र माळ्यावरच्या झडपेला खिळे ठोकले. चित्र पुरं झाल्याशिवाय पोरीला जाऊ देणार नाही म्हणाला.

जांभळा बर्फ आणि लाल गाई रंगवणारा माणूस! शेजारची बार्ला तर तोंडावरच बोलली, "जित्यांना मढ्यासारखं रंगवतो, आता मढ्याला जितं करतोय का गं?" उर्सिना तिच्याशी कडाकडा भांडली. पण घरी आली की तिलाही ऐकू यायचं... चित्रामागून.

आताही आलं. कोरडं, दमलेलं खोकणं.

"लेकरू गुदमरतंय रे," ती रडत म्हणाली. "सोड तिला."

"ती गेली की तिचा चेहराही जाईल, उर्सिना." त्याला हुंदका आवरेना. "आत्ताच नीट आठवत नाही गं... म्हणून तर डोळे जमेनात."

 तरी उर्सिनाने पक्कड उचलली. त्याने अडवलं नाही. शेवटचा खिळा निघाला, बर्फाचा वारा आत आला आणि खोकला थांबला. तिने झडप लावून कडी घातली.

मागे चित्रात जांभळा बर्फ तसाच होता. मेंगा मात्र पिवळ्या झग्यासकट नाहीशी झाली होती; तिच्या जागी नुसतं कोरं कापड. दोघं एकमेकांना धरून खूप रडली.

तेवढ्यात झडपेवर टकटक झाली. बाहेरून. बाहेर तर तीन मजले सरळ भिंत होती.

"आई... गार लागतंय गं..."

उर्सिनाचा हात कडीवर गेला. गाउडेंझने तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको..." तो पुटपुटला. "आता... नको."

उजेड सरेपर्यंत टकटक चालली. मग थांबली.

सकाळी त्याने शिडी लावून पाहिलं. झडपेच्या बाहेरच्या अंगाला चिमुकल्या बोटांचे पिवळे ठसे होते. रंग ओला होता.

बर्फ वितळला, गवत आलं, गाई कुरणावर गेल्या. तो रंग अजून वाळलेला नाही.