चीनला निघालेला मुलगा

"चीनचं तिकीट मिळेल का?"

हिंदीत आलेला हा प्रश्न ऐकून मी मान वर केली. १९८४चा जून. दोहातल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत सुट्टीचं तिकीट म्हणजे मुंबईचंच! समोरचा तरुण घामानं निथळत होता... आणि हसत होता. मी त्याच्या कंपनीचं पत्र घेतलं. गुरुप्रसाद देवस्थळी, बंदर विभाग.

मी नाव पुन्हा वाचलं. हाच मुलगा जुलैत मला बघायला येणार होता! आम्ही दोघं राहायला दोहात, पण बघण्याचा कार्यक्रम पुण्यात, कारण ठरवणारी माझी आत्या तिथे.

"चीनमध्ये कुठे?" मी मराठीत विचारलं.

तो खुललाच. "हुआंगशान! एका चिनी खलाशानं कॅलेंडर दिलंय. बघा ना मॅडम, खडकातून उगवलेली झाडं, पायाखाली ढग..."

"आणि घरचे?"

"त्यांनी पुण्यात कुणी नयना शोधलीय. फोटोचं पाकीट मी उघडलंसुद्धा नाही. दोन वर्षांनी मिळालेली सुट्टी कांदेपोह्यांत घालवू?"

माझे कान तापले. नाव सांगायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

"हजारो पायऱ्या दिसतायत. दमाल."

"बरोबर कुणी असेल तर नाही दमणार," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

सीटसाठी विमान कंपनीला पाठवलेल्या टेलेक्सचं उत्तर आलं का, हे विचारायला तो रोज येऊ लागला. रोज डोंगराच्या गप्पा. शुक्रवारची सुट्टी मला खायला उठली. मी प्रेमात पडले होते — मला न बघताच नाकारणाऱ्या माणसाच्या!

पाचव्या दिवशी सीट पक्की झाली. मी तिकीट लिहायला घेतलं, पण हात चालेना.

"आधी ते पाकीट उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना!"

तो जवळच्याच नजमा वस्तीतल्या आपल्या खोलीवर गेला. अर्ध्या तासात धापा टाकत परतला, हातात माझा फोटो.

"मॅडम... तुम्ही? किती मूर्ख आहे मी! चीन खलास. मी पुण्याला येतो."

"या की. पण चीन कशाला खलास?" मी अर्धवट लिहिलेलं तिकीट बाजूला सारलं. "मला डोंगरासाठी हट्ट धरणारा मुलगा आवडलाय. सुट्टी तोडून घ्या. अर्धी जुलैत, अर्धी नोव्हेंबरात."

"आणि नोव्हेंबरात—?"

मी टेलेक्सकडे वळले. हुआंगशान, दोन सीट. पहिलं नाव त्याचं टाइप केलं. दुसरं, नयना...

बोटं थांबली. मागे न बघताच मी विचारलं, "आडनाव... तुमचंच लावू ना?"