न पुसलेले हात

“हात पुसायचे नाहीत. वाळू द्यायचे.”

मोठ्या सिस्टरांचं हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. बाळंतिणींच्या वॉर्डात बेसिनशेजारी कुणी टॉवेल टांगलेला दिसला की त्या तो चिमटीत धरून खाली टाकत. “सगळ्यांच्या हातांची घाण एका फडक्यात, आणि तेच हात बाळंतिणीच्या पोटावर. वा गं वा!” मग स्वतः कोपरापर्यंत हात धूत आणि छातीशी उभे धरून वाळवत. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई प्रार्थनेला उभ्या आहेत. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्ध्यातच संपलेलं. लहानपणी दारात सापडलं होतं.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या भेटीत माझं मनगट धरून म्हणाल्या, “ताप चढायच्या आधीच आजारी बाळंतीण ओळखता आली पाहिजे. आजवर मी बघितलं. पुढं तू बघशील?”

“बघेन,” मी म्हटलं.

मी सहजासहजी शब्द देत नाही, कारण दिलेला मोडता येत नाही. पहाटेची प्रार्थना आणि ती होईपर्यंत मौन, हा माझा नेम आजारपणातही सुटलेला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. दुपारी भेटीची माणसं गेली की वॉर्ड पेंगतो. अशा वेळी नळ वाहत असल्याचा आवाज येई. जाऊन बघावं तर नळ घट्ट बंद, बेसिन मात्र ओलं, आणि लाल साबणाचा वास. तो साबण आमच्याकडे कधीच बंद झालाय. आता बाटलीतला असतो.

एकदा असाच आवाज आला. परत फिरले तर दाराजवळच्या कॉटवर, पाववाल्याच्या बायकोच्या चादरीवर, बरोबर ओटीपोटाशी ओला पंजा उमटलेला. पाणी सांडलं असेल म्हणून मी चादर बदलली. संध्याकाळी ती घरी गेली. घरी तिला हुडहुडी भरली. “पान्हा फुटताना ताप यायचाच,” म्हणत घरच्यांनी पांघरुणं घातली. परत आणली तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती. बाळ आजीच्या खांद्यावर झोपूनच घरी गेलं.

चादर बदलताना एक गोष्ट दिसली होती. पंजाचं एक बोट अर्धंच होतं.

मग आमची चिमणी बाळंत झाली. ताईची एकुलती एक लेक. खिडकीजवळची कॉट मीच घासूनपुसून तिला दिली.

“मावशी, तुझे जावई रुसलेत. बाळ त्यांच्यासारखं दिसत नाही म्हणे.”

“बरंच झालं की,” ताई म्हणाली, “नाक तरी वाचलं पोराचं.”

आम्ही हसलो. पण येता-जाता माझी नजर तिच्या चादरीकडे जात होती. चादर कोरडी होती.

दुसऱ्या दुपारी मी तिच्या पायथ्याशी बाळाला दुपट्यात गुंडाळत होते. डोळे मिटूनच ती म्हणाली, “अगं मावशी, किती गार हात तुझे!”

माझे दोन्ही हात दुपट्यात होते.

चादरीवर पंजा होता. कडांनी वाळत चाललेला.

थर्मामीटर लावला. ताप नव्हता. ताई म्हणाली, “पान्हा फुटतोय, दुसरं काही नाही. उद्या घरी जायचंय तिला, तू उगाच घोर लावू नकोस.” मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. जेवत्या ताटावरून उठून त्या आल्या. “सिस्टर, तुम्ही उगाच हाक मारत नाही,” म्हणाल्या. त्यांनी नाडी धरली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवली. पोट दाबलं तशी चिमणी कळवळली. पांघरूण उचललं तेव्हा कुजकट वास आला. रक्त तपासायला गेलं, पण त्याची वाट न बघता त्यांनी इंजेक्शनं सुरू केली.

दिवस मावळता मावळता ताप चढला. तिच्या थरथरण्यानं लोखंडी कॉट वाजत होती. ताईनं माझी बाही घट्ट धरली.

“जगेल ना गं?”

मी हात धुऊन आले, वाळू दिले, पुन्हा तिच्या उशाशी बसले.

पहाटे मौनातच कपाळाला हात लावला. घाम फुटला होता.

घरी जायच्या दिवशी चिमणी इकडंतिकडं बघत होती. “मावशी, त्या दुसऱ्या सिस्टर कुठं आहेत? निरोप घ्यायचा राहिला.”

“कोण दुसऱ्या?”

“दुपारी यायच्या त्या. हात असे वर धरून. परवा म्हणाल्या, आता मी येणार नाही, तुझी मावशी बघेल. तिनं कबूल केलंय.”

“तापातलं बरळणं ते,” ताई घाईघाईनं म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

तो हात ताप दाखवायला यायचा की द्यायला, हे मी प्रार्थनेतही विचारलं.

त्या दुपारी नळाचा आवाज आला नाही. मीच सोडला. बाटलीतला साबण हातावर घेतला. वास लाल साबणाचा आला.

खिडकीचं दार वाऱ्यानं आपटलं. ते लावताना ओला उजवा हात कोरड्या फरशीच्या कट्ट्यावर टेकला. उचलला.

खाली उमटलेल्या पंजाचं पहिलं बोट अर्धं होतं.

मी माझा हात बघितला. पाचही बोटं जागच्या जागी होती.

दाराजवळच्या कॉटवर सकाळीच बाळंत झालेली एक मुलगी झोपली होती. चादर पांढरीशुभ्र, कोरडी. मी दोन्ही हात छातीशी उभे धरले आणि पावलांचा आवाज न करता तिच्याकडे निघाले.