मान हलवलेली चालत नाही

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली, आणि त्या भेटीत मी चक्क झोपले होते. उभ्या उभ्या, भिंतीला टेकून.

"मॅडम, तळमजला आला," कुणीतरी हळूच म्हणालं. "पुन्हा."

मी दचकून डोळे उघडले. समोर एक उंच माणूस, हातात चहाचा कप.

"मगाचपासून बघताय?"

"दोनदा वर जाऊन आलो तुमच्याबरोबर. उठवायला जीव होईना."

"कोण तुम्ही?"

"सुरक्षा विभाग. आजच रुजू झालो. दमलेली माणसं शोधणं हेच माझं काम..." त्यानं कप पुढे केला. "पहिल्याच दिवशी लॉटरी लागली!"

आगाऊ कुठला! पण चहा फक्कड होता, आणि हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. राग नंतर काढू म्हटलं.

मी विमानांना वाट दाखवते. बिनखिडकीच्या अंधाऱ्या हॉलमध्ये, पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बघत. एकेका ठिपक्यात दीडदोनशे माणसं. खुर्ची बदलताना आमची एक रीत आहे. उठणारा विचारतो, "तुझं?" बसणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "माझं." तोवर आकाश उठणाऱ्याचंच. नुसती मान हलवलेली चालत नाही.

हा माणूस रोज हॉलच्या दारात उभा राहून एकेकाला विचारायचा, "झोप झाली?" आम्ही त्याचं नाव झोपमास्तर ठेवलं.

"आणि नाही झाली तर?" एकदा मी खोचकपणे विचारलं.

"तर खुर्ची घ्यायची नाही. नियम आहे. कुणी जाब विचारणार नाही."

"नियम काय हो, पुष्कळ असतात!"

"म्हणून तर मी आहे."

"तुम्ही काय, ढाल का?"

"तुम्हाला हवी असेल तर..." वाक्य अर्धवट सोडून तो घाईनं पुढच्या माणसाकडे वळला. कान मात्र लालबुंद झाले.

मग ताई बाळंतीण होऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. बाळाचा आवाज असा खणखणीत, की मी मावशी झाले आणि झोपेला मुकले. सहा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि झोपमास्तरही त्या आठवड्यात बाहेरगावी होता. सातव्या दिवशी दुपारी, आमच्यातले सगळ्यांत जुने काका खुर्चीतून उठायला निघाले.

"तुझं?"

मी पडद्याकडे बघितलं. एका ठिपक्याचा नंबर वाचला, पुन्हा वाचला, तरी डोक्यात राहीना. मला भीती वाटली... खरीखुरी.

"नाही काका. आज माझं नाही."

हॉलचे साहेब तरातरा आले. "दुसरं कुणी नाहीये! झोप काय, सगळ्यांचीच कमी असते. बस मुकाट्यानं."

"नाही बसणार."

"विमानं खोळंबतील!"

"खोळंबू देत. जमिनीवर खोळंबलेल्या विमानाला काही होत नाही."

काकांनी वरची विमानं नीट उतरवली, नवी उडू दिली नाहीत. संध्याकाळपर्यंत विमान कंपन्यांनी साहेबांचे कान किटवले आणि साहेबांनी माझ्यावर चौकशी लावली. कामचुकार ठरले तर हेडफोन कायमचा उतरणार. चौकशी करणार झोपमास्तर. मी निर्धास्त होते. आपला माणूस!

आणि आपला माणूस भर बैठकीत उभा राहिला. "साहेब, ही चौकशी मी करणार नाही."

साहेब खुर्चीतून पुढे वाकले.

"का?"

"चौकशी करणारा तटस्थ लागतो. मी नाहीये. माझं... माझं प्रेम आहे यांच्यावर."

काकांच्या हातातलं पेन पडलं. साहेबांनी आ वासला. "कधीपासून?"

"लिफ्टपासून."

बाहेर येताच मी त्याला गाठला. अहोजाहो पार विसरले. "आधी मला सांगायचंस ना! सगळ्या जगाला कळलं, आणि मी शेवटची? आता बाहेरचं कुणी येणार. माझी खुर्ची गेली म्हणजे?"

"तू खरी आहेस. मी तुला निर्दोष सोडलं असतं, तर लोक प्रेमापायी सोडलं म्हणाले असते. ते मला नको होतं." तो घुटमळला. "तुझं... उत्तर?"

"निकालानंतर! आणि खुर्ची जाऊ दे नाहीतर राहू दे, झोप नसेल तर मी पुन्हा नाहीच म्हणणार. सांग जाऊन तुझ्या साहेबांना!" मनात आलं, किती गोड आहे हा मूर्ख.

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या. मला विचारलं, काकांना विचारलं, बाळाला कडेवर घेऊन ताईलाही विचारलं. शेवटी साहेबांना एकच विचारलं, "बदली माणूस का ठेवला नव्हता?" साहेब समोरचे कागद चाळायला लागले. माझी खुर्ची राहिली, आणि प्रत्येक पाळीला एक जादा माणूस मिळाला.

त्या दिवशी तो फाटकाशी उभा होता. भुरभुर पाऊस, छत्री बंदच. डोक्यावरून एक विमान घरघरत गेलं. मी इतकी वर्षं ठिपके बघितले, खरंखुरं, पोट असलेलं विमान किती मोठं दिसतं ते विसरूनच गेले होते.

"निकाल लागला," तो म्हणाला. "मग... मी... तुझा?"

मी मान हलवली.

"अं हं." त्याचे डोळे बारीक झाले. "मान हलवलेली चालत नाही."

नेमके तेव्हाच साहेब गाडीची किल्ली फिरवत फाटकातून बाहेर पडत होते. तो ओशाळून एक पाऊल मागे सरकला. मी त्याची बाही धरून त्याला पुढे ओढलं आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माझा!"