आसानकुल मास्तरांची वंशावळ

काराकोल शहराच्या बाजारात, एका लोखंडी कंटेनरमध्ये डोलोतचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळपासून तो एकाच फाइलपाशी अडला होता.

आसानकुल मास्तर गेले, त्याच आठवड्यात त्यांच्या संगणकानंही मान टाकली. डोलोतनं पेनड्राइव्हवरची वेगळी प्रणाली लावून तो जागा केला होता. जुनी डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर टिंबही उमटू द्यायचं नाही, अशी ती तजवीज. फोटो, पत्रं बिनबोभाट दुसऱ्या डिस्कवर उतरली. वंशावळ मात्र हटून बसली. पूर्ण उतरायची, आणि ताडून पाहिलं की नक्कल मूळ फाइलीपेक्षा लहान भरायची.

"झालं का हो दादा?" मास्तरांची मुलगी गुलबारा स्टुलावरून उठली. "दुपारी बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण. त्यासाठी घोडा कापलाय. वंशावळ सगळ्या कुळासमोर वाचायचीय, आणि दुसरी प्रत नाही."

"मग त्या घोड्यालाच बसवायचं होतं इथं! सहाव्यांदा करतोय, बाई."

त्यानं केबल बदलली, पेनड्राइव्ह बदलला, टेबलावर मूठ आपटली. सातव्यांदा तेच.

मग त्यानं आकडे निरखले. लहान होत नव्हती नक्कल. मूळ फाइलच वाढत होती. दोन बाइट. जरा थांबून आणखी दोन. त्यांच्या लिपीत एका अक्षराला दोनच लागतात.

आणि ही डिस्क तर फक्त वाचायला लावलेली होती.

त्यानं फाइल उघडली. मास्तरांच्या नावाखाली दोन मुलगे. त्यांच्याखाली तीन अक्षरं. पुन्हा उघडली. चार.

"बाबा एकाच बोटानं टाइप करायचे," गुलबारा हळूच म्हणाली.

पुन्हा उघडली. तिचं नाव पुरं झालं होतं.

"जन्मभर भांडले मी. म्हणायचे, मुलींची नावं वंशावळीत नसतात." तिनं रुमालात तोंड खुपसलं.

आकडा अजून सरकत होता.

मग थांबला.

आठव्यांदा नक्कल चोख जुळली. नकलेची डिस्क उराशी धरून गुलबारा बर्फातून पळतच गेली.

डोलोतनं जुन्या डिस्कवरची मूळ फाइल शेवटची उघडली. भावांच्या नावांपुढे एकेकच साल होतं, जन्माचं. गुलबाराच्या नावापुढे दोन होती. दुसरं यंदाचं.