बाल्कनीचा उतार

चौथ्या मजल्यावरच्या त्या कोऱ्या घरात, स्नानगृहाच्या भिंतीवर ती आपल्या छोट्या हातोडीने टकटक करीत होती. आणि भिंतीच्या पलीकडून कोणीतरी टकटक करून उत्तर दिले.

तिने हात थांबवला. पलीकडचा आवाजही थांबला. तिने दोनदा वाजवले. पलीकडून दोनदाच.

"कोण आहे तिकडे?" तिने दरडावून विचारले.

"तेच विचारायचं होतं," भिंत म्हणाली. "मला वाटलं, राहायला येण्याआधीच शेजाऱ्यांची तक्रार सुरू झाली!"

स्वयंपाकघरातून एक उंच, किंचित वाकलेला तरुण बाहेर आला. केसांवर सिमेंटची धूळ आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव. घर त्यानेच घेतले होते. अकराला यायचे, ते महाशय दहालाच येऊन बसले होते.

ताबा घेण्याआधी नव्या घरातले दोष शोधून मालकाच्या हाती यादी देणे, हा तिचा व्यवसाय. टाइल आतून पोकळ असली की आवाज बद्द येतो. तिथे ती निळी चिकटपट्टी लावी. भिंतीत ओल, खिडकीत फट, दाराचा झोक... सात वर्षांत तिने एक दोष सोडला नव्हता, आणि नसलेला एकही लिहिला नव्हता. कार्यालयात तिला पाठीमागे 'टकटकबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

"मी मुद्रितशोधक आहे," तो म्हणाला. "शाळेची पुस्तकं तपासतो. म्हणजे आपण दोघंही लोकांच्या चुकांवर पोट भरतो."

"तुम्ही चूक खोडता. मला फक्त पट्टी लावता येते."

"मग तुमचं काम जास्त सभ्य."

ती हसली नाही. पण पुढची टाइल तपासायला तिला जरा जास्त वेळ लागला.

स्नानगृहाच्या जमिनीवर चोवीस तास पाणी साठवून ठेवावे लागते. खालच्या छताला ओल येते का, ते दुसऱ्या दिवशी पाहायचे. तिने पाणी जायची जाळी बंद केली, पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. "उद्या याच वेळी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटे आधी पोहोचली. रंगाची रिकामी बादली उपडी घालून तो आधीच तिथे बसला होता.

"हे काय?"

"राखण करतोय. पाणी पळून गेलं तर जबाबदार कोण?"

या वेळी मात्र ती हसली. हसताना तिने तोंड खिडकीकडे फिरवले, आणि त्याने ते काचेत पाहिले. हे प्रेम आहे, असे त्या क्षणी कोणी तिला सांगितले असते, तर तिने त्या माणसाला जिना दाखवला असता.

यादीत त्रेचाळीस दोष निघाले. "आईला वाचून दाखवाल? तिचा हुकूम आहे," असे तो म्हणाला, म्हणून ती त्यांच्या भाड्याच्या घरी गेली. दोन अरुंद खोल्या, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेली, पातळ होत गेलेली म्हातारी. शिवणकाम करून तिने एकटीने मुलगा वाढवला होता. अकरा घरे बदलली होती. प्रत्येक घरमालकाचा पहिला नियम तिला अजून पाठ होता.

"त्रेचाळीस!" सगळे ऐकून म्हातारी म्हणाली. "अगं, याला सांगून आलेल्या मुलींमध्येही मी इतक्या चुका काढल्या नव्हत्या."

"आई!"

"गप रे. मुली, तुझ्यात काय दोष आहे, तो सांग बघू."

"मला दुसऱ्यांचेच दिसतात, काकू."

"मोठाच आहे. पण चालेल."

मुद्रितशोधकाने कपबशा उचलल्या आणि तो आत पळाला. त्याचे कान लाल झालेले दोघींनीही पाहिले.

"तुम्ही घर पाहिलंत का, काकू?"

"नाही, पाहणारही नाही," म्हातारी म्हणाली. "जन्मभर लोकांची घरं बघायला गेले. हे बघायला नाही जायचं मला. राहायलाच जाईन. तू निर्दोष म्हणालीस, की दुसऱ्या दिवशी हलायचं, असं ठरलंय आमचं. त्याआधी नाही."

"तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय?"

दारापर्यंत पोहोचवायला आलेल्या मुलानेही तेच सांगितले : आता बरी आहे. त्याला तसेच वाटत होते. रात्री दोन उशा पाठीशी घेतल्याशिवाय आपल्याला श्वास पुरत नाही, हे म्हातारीने मुलाला कळू दिले नव्हते.

महिनाभर दुरुस्ती चालली. त्या महिन्यात त्याचे फोन येत. दाराच्या कडीविषयी, नळाच्या दाबाविषयी, एकदा तर विजेच्या बटणांच्या रंगाविषयी. "हे माझ्या यादीत येत नाही," असे ती म्हणे. "मग कोणाच्या यादीत येतं?" असे तो विचारी, आणि दोघेही नुसतेच फोन धरून राहत. 'एकदा चहाला भेटू या का?' एवढे पाच शब्द दोघांपैकी एकालाही उच्चारता येत नव्हते. तो भिडस्त, आणि ती मानी. अशी माणसे कामाचा आडोसा घेतल्याशिवाय एकमेकांपाशी उभी राहू शकत नाहीत.

फेरतपासणीच्या दिवशी घर आरशासारखे होते. तिने एकेक निळी पट्टी सोलून काढली. त्रेचाळीस. बाल्कनी तेवढी शेवटची राहिली. तिने तांब्याभर पाणी ओतले. पाणी शहाण्या मुलासारखे सरळ जाळीकडे निघून गेले.

तो उंबऱ्यात उभा होता. "म्हणजे... तुमचं काम संपलं?" त्याने विचारले. स्वर मोकळा ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

तिच्या हातात पेन होते. संपलं, असे म्हणायचे आणि पिशवी उचलून निघायचे. मग कडी नाही, नळ नाही, बटणे नाहीत... काही नाही. तिने कागदावर मान खाली घातली, आणि सात वर्षांत जे केले नव्हते, ते केले. तिने लिहिले : 'बाल्कनीचा उतार अपुरा. टाइल काढून उतार नव्याने घालावा. फेरतपासणी आवश्यक.'

"उतार कमी आहे," ती म्हणाली. "अठरा दिवस लागतील."

"अरेरे!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे हसले. "म्हणजे तुम्हाला पुन्हा यावं लागणार."

"लागणार खरं."

"फारच वाईट झालं."

त्या दिवशी जिना उतरताना ती लहान मुलीसारखी दोन-दोन पायऱ्या सोडीत गेली.

बाराव्या दिवशी दुपारी ती दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात भिंतीची ओल मोजत असताना त्याचा निरोप आला. 'आई आज पहाटे गेली. बाल्कनीचं पुढे ढकलू या.'

ती भेटायला गेली. त्यांच्या दारापर्यंत गेली. आत बायकांचे दबके बोलणे ऐकू येत होते, दाराबाहेर चपलांची दाटी होती. तिचा हात कडीकडे गेला... आणि ती तशीच परत फिरली.

बाल्कनीची तपासणी अखेर महिन्याने झाली. तो वाळला होता. शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात अडकले होते. ते सांगणारे आता घरात कोणी नव्हते. तिने पाणी ओतले. पाणी जाळीकडे गेले, पूर्वी गेले होते तसेच.

"आई तुमची फार आठवण काढायची," तो म्हणाला. "मी येऊन सांगितलं ना, उतार चुकलाय म्हणून, तर म्हणाली, मुलगी पक्की आहे. तिनं पकडलं नसतं तर पहिल्याच पावसात पाणी घरात आलं असतं. म्हणाली, थांबू आपण. एवढी थांबले, आणखी अठरा दिवस काय..."

तिने कठडा घट्ट धरला.

"मला नीट बोलता येत नाही," तो पुढे म्हणाला. त्याची नजर खाली, ओल्या टाइलवर होती. "पण तिलाही ते हवं होतं. आणि मला तर... पहिल्या दिवसापासूनच. या घरात एकट्यानं यायचा धीर होत नाही. तुम्ही..."

"थांबा."

ती गप्प राहिली असती, तर तो तिचा झाला असता. हे घरही, जन्मभरासाठी. तिला ते लख्ख दिसत होते. पण त्या घरात म्हातारीने केलेले आपले कौतुक रोज ऐकावे लागले असते.

"उतार बरोबर होता," ती म्हणाली. "पहिल्यापासून. माझं काम संपायला नको होतं, म्हणून मी तसं लिहिलं. तुम्ही पुन्हा भेटावं म्हणून."

खाली रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होते.

"मी खूश झालो होतो त्या दिवशी," शेवटी तो म्हणाला. "घरी जाऊन आईला हसत हसत सांगितलं, अजून अठरा दिवस. हसत हसत." मग अगदी हळू, "नुसतं ये म्हणाला असतात, तरी मी आलो असतो हो. कुठंही."

तिने अहवालाचा कागद कठड्यावर ठेवला आणि शेवटची ओळ लिहिली : 'बाल्कनीचा उतार मागील तपासणीतही योग्य होता. त्या वेळची माझी नोंद चुकीची आहे.' कागद तिने त्याच्यापुढे धरला.

त्याने वाचले. तिचेच पेन घेऊन, शांतपणे, सवयीच्या हाताने त्याने 'चुकीची' हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिले : 'खोटी'.

तिने खाली सही केली.

पिशवी घेऊन ती दाराबाहेर पडली. मागून दार लागेल, असे तिला वाटले. पण ते लागले नाही. चार पायऱ्या उतरल्यावर वरून त्याचा आवाज आला. तोच आवाज, पण आता दुरून आल्यासारखा.

"जिन्याला त्या बाजूनं अजून कठडा नाही. भिंतीच्या कडेनं उतरा."

तिने वर पाहिले नाही. भिंतीवर तळवा टेकवून, ती एकेक पायरी उतरत राहिली.