पाणी वाचवणारी बाटली

कागदात गुंडाळलेला जुना रबरी वायसर मी हार्डवेअरवाल्यापुढे ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "असाच एक द्या. फ्लशचा."

"फ्लशचा वायसर?" तो अख्ख्या देवपूरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला. "गळतोय का?"

मागे कोणीतरी गिऱ्हाईक उभं होतं, पण मी वळले नाही. आपण कुणाकडे बघितलं नाही की आपल्याकडेही कुणी बघत नाही, असा माझा लहानपणापासूनचा समज आहे.

"नाही हो," मी म्हणाले. "गळतबिळत नाही. असाच... घरात एक असावा म्हणून."

"लोक घरात जास्तीचं मीठ ठेवतात," मागून आवाज आला. "तुम्ही वायसर ठेवता?"

आता वळावंच लागलं. समोरच्या खोलीतला भाडेकरू! हितेंद्र. ठिबकच्या कंपनीत सर्व्हिसला होता, दिवसभर शिरपूर-साक्रीकडच्या शेतांतून हिंडायचा. पाचोऱ्याहून राहायला येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि जाता-येता मान हलवण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. पहिलं बोलणं व्हावं ते संडासाच्या वायसरवरून... माझं नशीबच तसं.

"अहो, ऐका ना," मी दुकानाबाहेर आल्यावर म्हणाले, "नानांना सांगू नका."

"काय सांगू नको? तुम्हाला वायसर जमवायची आवड आहे ते?"

तो हसत नव्हता, पण त्याचे डोळे हसत होते. मला राग आला, आणि रागाबरोबर रडूही आलं. माझं हे असंच होतं, दोन्ही एकत्र येतात. ते बघून त्याची थट्टा तिथल्या तिथे थांबली.

"नाही सांगत," तो हळूच म्हणाला. "खरंच नाही सांगत."

हिलाल नाना आमचे घरमालक. वर ते राहायचे, खाली समोरासमोर दोन खोल्या. एकीत मी आणि आई, दुसरीत हितेंद्र. आणि सगळ्यांच्या डोक्यावर टाकी एकच. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा टाकी भरायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत ती पुरवायची. पण मागच्या दोन्ही वेळा ती मध्येच कोरडी पडली होती. नानांनी पाइप तपासले, स्वतःचा फ्लश तपासला आणि मग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळ्या गल्लीसमोर जाहीर केलं, "खालना दोनमाईन एकना फ्लश गळस. ज्याना गळस, त्यानी खोली खाली करानी. बस!"

नाना एकदा बोलले की संपलं. त्यांचा शब्द त्यांनाही परत घेता येत नाही.

दुसरी खोली मिळाली असती तर मी एवढी घाबरले नसते. पण माझ्या आईचं, झुंबरबाईचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला उकिडवं बसता येत नाही. पारोळ्याकडे आमच्या गावच्या घरात बसका संडास. तिथे आईनं हळूहळू जेवण कमी केलं, मग पाणी कमी केलं. जायलाच लागू नये म्हणून! ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी न्हाणीत तोंड दाबून रडले होते. धुळ्यात मेडिकलमध्ये नोकरी धरली, चपला झिजवल्या आणि ही कमोडची खोली मिळवली, तीही तळमजल्यावर. इथे आई पोटभर जेवत होती. ही खोली गेली तर आई पुन्हा तहानेली बसणार, एवढंच मला दिसायचं.

आणि आमच्या फ्लशमधून बारीक आवाज येत होता. सी... सी...

घरी येऊन मी फोनवरचा व्हिडिओ लावला, फ्लशचा नळ बंदच आहे ना ते बघितलं, फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं, नवा वायसर बसवला. सगळं होतं तसं जागच्या जागी ठेवलं आणि कान लावला. सी... सी...

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्र दारातच भेटला, हातात पकड घेऊन. "बसला का?"

"बसला. पण आवाज थांबत नाही."

"मी बघू?"

"नको. म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"कोन शे वं?" आतून आईचा आवाज. "समोरना भाऊ शे का? ये भाऊ, मजार ये!"

संपलं. आईची खाट नेमकी न्हाणीघराच्या दारासमोर होती. ती उशीला टेकून बसली आणि आम्ही दोघं तिच्या देखत आत शिरलो.

"नीळ आहे का? कपड्यांची?" त्यानं विचारलं.

मी बाटली आणून दिली. त्यानं फ्लशच्या टाकीत थोडी नीळ ओतली. "आता ओढायचं नाही. नुसतं बघत बसायचं. टाकीतलं पाणी गुपचूप खाली उतरत असेल तर कमोडमध्ये निळं दिसेल."

मग आम्ही दोघं कमोडमध्ये डोकावून उभे राहिलो. जगात कुठल्या मुलीनं कुठल्या मुलाबरोबर असा वेळ काढला असेल, मला माहीत नाही. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि ओल्या मातीचा वास होता. माझं काळीज धडधडत होतं, आणि ते नक्की कशानं धडधडतंय हे मला ठरवता येईना.

"एक विचारू?" तो कमोडकडेच बघत म्हणाला. "अख्खी गल्ली मला भाऊ म्हणते. तुमच्या आईसुद्धा. तुम्ही तेवढ्या 'अहो, ऐका ना' म्हणता."

माझे कान तापले. "मग... काय म्हणू?"

"नाही, नाही. बरं वाटतं ते."

मी काहीतरी बोलणार होते, खरंच बोलणार होते — आणि तेवढ्यात कमोडच्या पांढऱ्या कडेवरून निळ्या रंगाचा एक बारीक धागा खाली उतरला.

"आमचाच..." माझा आवाज फुटला. "आमचाच गळतोय!"

"थांबा. वायसर नवा आहे, म्हणजे खालून गळत नसावं." त्यानं झाकण काढलं. "ही मधली उभी नळी बघा. जास्तीचं पाणी हिच्यातून कमोडमध्ये जातं. पाणी बरोबर हिच्या काठाला लागलंय. म्हणजे टाकी भरली तरी नळ बंदच होत नाही. हा बॉल वर उचलला गेला की नळ बंद व्हायला हवा, पण याला काहीतरी अडवतंय..."

त्यानं निळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक भरलेली प्लास्टिकची बाटली बाहेर काढली.

"ही कुणी ठेवली?"

मीच. नात्यातल्या ग्रुपवर मेसेज आला होता, फ्लशच्या टाकीत भरलेली बाटली ठेवा, दर वेळी तेवढं पाणी वाचतं. धुळ्यात राहून पाणी वाचवायचं नाही तर काय! मोठ्या हौसेनं ठेवली होती. ती सरकून बॉलच्या दांडीला टेकली होती आणि दिवसरात्र पाणी वाहत होतं. वर कडी म्हणजे काल वायसर बसवताना मी ती बाहेर काढून, पुसून, पुन्हा त्याच जागी ठेवली होती.

"पाणी... वाचवायला..." एवढंच मला बोलता आलं.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. बॉलची दांडी हलवून बघितली, तिच्यावर जमलेला पांढरा क्षार नखानं खरवडला आणि हात बाजूला घेतला. बॉल तरंगत वर आला. सी... सी... आणि थांबला. घर एकदम गप्प झालं.

"हितेंद्रभाऊ!" बाहेरून नानांची हाक आली. "पकड लईसन कथा फिरी ऱ्हायनात? गळती सापडनी का?"

मी आईकडे बघितलं, तिनं पदर तोंडाशी धरला होता. हितेंद्र आम्हा दोघींकडे एकदा बघून बाहेर गेला. मी दाराआड उभी राहिले.

"सापडली, नाना," तो म्हणत होता. "माझ्याच फ्लशमध्ये होती. केली दुरुस्त. इथलाही बघितला, तो चांगला आहे."

"तुमना?" नानांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "तुम्ही चांगला मानूस शेतस. पन शब्द म्हंजे शब्द. पुढलं पानी यावाना आगोदर खोली खाली जोयजे."

मी दाराआडून बाहेर यायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी तो भेटला तेव्हा मी भांडलेच. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मला एकट्याला कुठेही खोली मिळेल," तो म्हणाला. "तुमच्या आईंना नाही मिळणार."

"पण तुम्ही जाल..."

"हो. जाईन..." म्हणून तो आपल्या खोलीचं कुलूप उघडायला लागला.

त्या दिवसापासून सगळी गल्ली पाण्याची वाट बघत होती आणि मी एकटी देवाला हात जोडून म्हणत होते, पाणी येऊ देऊ नको. हंडे पालथे पडले होते, शेजारच्या बाया चिडचिड करत होत्या, मला वाटत होतं, महिनाभर असंच जावं. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की उंबऱ्याशी थांबायचा. त्याच्या नखांत नीळ राहिली होती. मी रोज बघायचे, ती फिकी होत चालली होती. आम्ही कापसाबद्दल बोलायचो, आईच्या खुब्याबद्दल, पाचोऱ्याच्या त्याच्या बहिणीबद्दल. मला जे बोलायचं होतं ते राहूनच जायचं. खरं सांगितलं तर आईची खोली जाणार. गप्प बसले तर तो जाणार. मेडिकलमध्ये मी खोकल्याच्या जागी पोटाचं औषध काढून दिलं, गिऱ्हाईकानंच माझ्या लक्षात आणून दिलं म्हणून बरं.

आणि एका सकाळी नळातून हवा फुसफुसली. गल्लीत ओरडा झाला, "पानी उनं! पानी उनं!"

समोरचं दार उघडं होतं. त्यानं गादीची वळकटी बाहेर आणून ठेवली होती. किल्ली हातात घेऊन तो जिन्याकडे निघाला. माझ्याकडे बघून हसला, नीट हसला नाही.

मी आत येऊन आईच्या पायाशी बसले. रिकामी घागर माझ्या हातातच होती.

"पानी भरत नही का?" आई म्हणाली.

"आई, तो चालला..."

"माले दिसस ना. मन्हा खुबा मोडना, डोया नही." तिनं माझ्या हातातली घागर काढून घेतली. "मन्हा पाय तुन्हा गळामा बांधी ठेवू नको, बेटा. खोली गई ते गई. दुसरी दखसूत. जाय. सांगी ये."

जिना कसा चढले आठवत नाही. वर नाना खुर्चीत बसले होते आणि हितेंद्र त्यांना किल्ली देत होता.

"नाना, गळत होता तो आमचा फ्लश," मी म्हणाले. एकदा तोंड उघडलं तर थांबता येईना. "बाटली मी ठेवली होती. यांचा काही दोष नाही. आईसाठी खोटं बोलले हे. खोली आम्ही सोडायला हवी."

नानांनी आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. "मंग हाऊ कसाले बोलना तसं?"

हितेंद्र शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. त्याचं कानशील लाल झालं होतं. नानांनी ते बघितलं, पण त्यांचा चेहरा उतरलेलाच राहिला. "तुन्ही मायले मी कथा धाडू?" ते म्हणाले. "पन मी गल्लीले शब्द दिधा शे वं. दोनमाईन एक खोली खाली व्हवालेच जोयजे."

खाली हंड्यांचा आवाज येत होता, मोटर सुरू झाली होती, टाकीत धो धो पाणी पडत होतं. आणि मला एकदम सोपं वाटलं.

"होईल ना खाली," मी म्हणाले. "यांची होईल. फक्त सामान दुसरीकडे नको जायला... समोर येऊ दे. आमच्याकडे. म्हणजे... रीतीनं. लग्न करून. यांना चालत असेल तर."

मेले मी, असं वाटलं.

"चालेल," हितेंद्र म्हणाला. आवाज इतका घोगरा निघाला की त्याला खाकरून पुन्हा म्हणावं लागलं. "मला चालेल, नाना."

नाना हातातली किल्ली बराच वेळ उलटसुलट करत बसले. मग त्यांनी ती त्याच्या हातात परत ठेवली. "लगीन लागस तवलोंग राहू द्या. एक खोली खाली व्हयनी म्हंजे व्हयनी. गल्लीले मी सांगस." आणि टाकी भरत आली म्हणून मोटर बंद करायला उठले.

मी आधी खाली उतरले. मागून त्याची पावलं ऐकू येत होती. मधल्या पायरीवर त्यानं पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"मोहिनी."

मी वळले आणि बांध फुटला. "तुमच्या आईंनी नाही म्हटलं तर? लोक तुम्हाला घरजावई म्हणतील, ते? माझी आई रात्री खोकते. मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते, अगदी प्रत्येक. तुम्ही वैतागाल. आणि आता वर मी काय बोलून बसले..."

मला वाटलं, आता हाही बाकीच्यांसारखं 'काळजी करू नको' म्हणणार. तो पायरीवर बसला आणि बाजूला सरकून त्यानं माझ्यासाठी जागा केली.

"एकेक सांग," तो म्हणाला. "घरजावईपासून सुरू कर."

मी त्याच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले.